खड्डा, उपग्रह आणि गट नंबर : नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोची पन्नास वर्षे

महाराष्ट्रात जमिनीची प्रत ठरवण्याचा सरकारी उद्योग नागपूरच्या या संस्थेपेक्षा चांगला १४० वर्षांनी जुना आहे. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली. प्रतबंदी करणाऱ्या कारकुनाने शेतात जायचे, माती किती हात खोल आहे ते पाहायचे, रंग आणि पोत पाहायचा, चुनखडी, वाळू, उतार असे दोष खुणांनी मांडायचे आणि शेताला आणे लावायचे. खोल, बारीक पोताची काळी जमीन सोळा आण्यांची. तिथून खाली उतरत उतरत नऊ वर्ग. पद्धत हुशारीची होती, हे आजचे मृदाशास्त्रज्ञही मान्य करतील. मात्र तिचा हेतू एकच होता : सारा किती बसवायचा. त्या जमिनीत काय पिकेल, पाऊस मुरेल की वाहून जाईल, बांध टिकेल की फुटेल, हे प्रश्न तिने विचारलेच नाहीत.

ते प्रश्न देशपातळीवर पद्धतशीरपणे विचारायला १९५६ उजाडले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत त्या वर्षी अखिल भारतीय मृदा सर्वेक्षण योजना सुरू झाली आणि डॉ. एस. पी. रायचौधुरी तिचे मुख्य मृदा सर्वेक्षण अधिकारी झाले. दिल्ली, कोलकाता, बंगळूर आणि नागपूर अशी चार प्रादेशिक केंद्रे उघडली गेली. वऱ्हाडची काळी माती, छत्तीसगडची तांबडी आणि सातपुड्याचे बेसॉल्टचे डोंगर हे सगळे नागपूरच्या हाताशी होते. १९५८ मध्ये भूमी उपयोग सर्वेक्षणाचे काम या योजनेला जोडले गेले. पुढे धरणांच्या पाणलोटात गाळ कुठून येतो हे शोधणारे काम केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या वेगळ्या संस्थेकडे राहिले आणि संशोधनाचे अंग भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आले. त्या अंगातूनच १९७६ मध्ये ‘राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो’ उभा राहिला. दोन्ही संस्थांची नावे सारखी वाटतात, दोघींची कार्यालये नागपुरात आहेत आणि टपाल एकमेकींकडे जाण्याइतका गोंधळ आजही होऊ शकतो. मूळ घराणे एकच. वाटण्या मात्र झालेल्या.

पहिले संचालक डॉ. आर. एस. मूर्ती. मुख्यालय आधी दिल्लीत होते, ते १९७८ मध्ये नागपुरात, अमरावती रस्त्यावर आले. देशाच्या मध्यावर असलेल्या या शहरातून पुढे बंगळूर, दिल्ली, कोलकाता, जोरहाट आणि उदयपूर या पाच प्रादेशिक केंद्रांचे काम चालू लागले.

संस्थेचा जन्म नेमक्या वेळी झाला, असे म्हणायला हरकत नाही. १९७२ मध्ये लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह अवकाशात गेला होता. १९७५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मातीच्या वर्गीकरणाची नवी पद्धत ग्रंथरूपाने आणली आणि १९७६ मध्ये अन्न व कृषी संघटनेने जमिनीचे मूल्यमापन कसे करावे याचा आराखडा प्रसिद्ध केला. वरून पाहायचे साधन, मातीला नाव देण्याची भाषा आणि ती माती कशाला योग्य हे ठरवण्याची रीत, या तिन्ही गोष्टी चार वर्षांत हाताशी आल्या. पण या तिघींनाही पाया लागतो तो खड्ड्याचा.

मृदा सर्वेक्षकाचे काम आजही पहारीने आणि फावड्याने सुरू होते. जागा निवडायची, दीड-दोन मीटर किंवा मुरूम लागेपर्यंत खणायचे, एक भिंत तासून साफ करायची आणि वरपासून खालपर्यंत थर वाचायचे. ओल्या मातीचा रंग मन्सेलच्या रंगपुस्तिकेतल्या ठिपक्यांशी ताडून बघायचा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. फेस आला की चुना आहे. भेगा किती खोल गेल्या, ढेकळांवर घासून आलेली चकाकी आहे का, मुळे कुठे थांबली, हे टिपायचे. प्रत्येक थराचा नमुना पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचा. एकसारख्या छेदांच्या जमिनींचा एक गट धरायचा आणि ती माती जिथे पहिल्यांदा नीट ओळखली गेली त्या गावाचे नाव तिला द्यायचे. नागपूर जिल्ह्यातल्या लिंगा गावाच्या नावाची माती अशीच शास्त्रीय साहित्यात गेली. बार्शी आणि निमोण यांचीही नावे या यादीत आहेत. १९८२ मध्ये डॉ. मूर्ती आणि सहकाऱ्यांनी देशातल्या अशा आधारभूत मातींचा संग्रह प्रसिद्ध केला. गावाला नसेल तेवढी ओळख त्या संग्रहात त्याच्या मातीला आहे.

अडचण अशी की, खड्डा एका जागेपुरतेच खरे सांगतो. शेजारच्या शेतात काय आहे ते कळायला दुसरा खड्डा लागतो आणि देश ३२ कोटी ८७ लाख हेक्टरांचा. इथे चित्र उपयोगी पडले. सुरुवातीला हवाई छायाचित्रे होती. दोन शेजारची छायाचित्रे स्टिरिओस्कोपखाली ठेवली की डोंगर, दरी आणि पठार डोळ्यांसमोर उठून येत. मग उपग्रहाची चित्रे आली. कृत्रिम रंगांच्या त्या छापील चित्रांत हिरवे पीक लाल दिसे, ओली काळी जमीन गडद आणि उघडा मुरमाड माथा फिकट. लँडसॅटच्या एका चित्रात १८५ किलोमीटर बाजूचा चौकोन मावत असे, म्हणजे एखादा जिल्हा एका नजरेत. दख्खनच्या बेसॉल्टवर तर हा मेळ फारच सोयीचा ठरला, कारण इथली माती उतारावर अवलंबून असते : माथ्यावर वीतभर, खाली उतरत गेले की मध्यम आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोल. उपग्रहाला खोली दिसत नाही, पण उतार, झाडोरा आणि पीक दिसते, आणि त्यांवरून खड्डा कुठे घ्यायचा हे ठरवता येते.

याच जोरावर १९८६ नंतर ब्युरोने आपले सर्वांत मोठे काम हाती घेतले. प्रत्येक राज्याचा मृदा नकाशा १ : २,५०,००० या प्रमाणावर करायचा. तीन पायऱ्या ठरल्या : आधी उपग्रह चित्राचे वाचन, मग दर १० किलोमीटरच्या चौकटीत प्रत्यक्ष पाहणी आणि प्रयोगशाळा, शेवटी नकाशाची रेखाटणी आणि छपाई. महाराष्ट्राच्या ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरचा साधा भागाकार केला तरी तीन हजारांच्या आसपास चौकटी होतात. या मोहिमेच्या बहराच्या काळात संस्थेची धुरा डॉ. जे. एल. सहगल यांच्याकडे होती. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा पहिला सुदूर संवेदन उपग्रह बैकानूरहून झेपावला आणि परदेशी चित्रांवरचे अवलंबन कमी होऊ लागले. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. इस्रोचेही प्रादेशिक केंद्र शहरात असल्याने संत्र्यांचे नागपूर नकाशांचेही गाव झाले.

राज्याराज्यांचे नकाशे निघाले, त्यांच्या जोडीला ‘भूमी उपयोग सुयोग्य करण्यासाठी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे ग्रंथ आले. २००२ मध्ये या सगळ्याचा गोषवारा म्हणून देशाचा १ : १०,००,००० प्रमाणाचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले की खऱ्या अर्थाने भेगाळणाऱ्या खोल काळ्या मातीने, म्हणजे शास्त्रज्ञांच्या व्हर्टिसोलने, देशाचा साडेआठ टक्क्यांच्या आसपास भाग व्यापला आहे. ‘महाराष्ट्र म्हणजे काळी कसदार जमीन’ हा शाळेच्या पुस्तकातला समज त्यामुळे बराच सैल झाला. आपल्या काळ्या रानांपैकी पुष्कळशी रंगाने काळी आणि खोलीने उथळ आहेत. कपाशी घेणाऱ्याला हा फरक दसऱ्यानंतर, पाऊस थांबल्यावर कळतो.

१९९२ चा कृषी-परिस्थितिकी प्रदेशांचा नकाशा ब्युरोच्या नावावरचा सर्वांत जास्त वापरला गेलेला नकाशा असावा. त्याने देशाचे २० प्रदेश पाडले आणि पुढे डॉ. एम. वेलायुथम यांच्या काळात त्यांचे ६० उपप्रदेश झाले. नियोजन आयोगाचे हवामानावर आधारलेले १५ विभाग आधीपासून होते. ब्युरोने त्यात भूरूप आणि माती मिसळली आणि कसोटी ठेवली ती पीक वाढू शकेल अशा दिवसांची. पाऊस बाष्पीभवनाच्या गरजेच्या निम्म्यावर गेला की दिवस मोजायला सुरुवात. पाऊस संपला तरी मातीत साठलेली ओल पुरेल तेवढे दिवस आणखी धरायचे. दख्खनच्या कोरड्या पठारावर हा काळ ९० ते १५० दिवसांचा निघतो, कोकणात २१० च्या पुढे. एकाच पावसात उथळ रानाचे नव्वद दिवस आणि खोल रानाचे एकशेवीस कसे होतात, हे या पद्धतीने कागदावर आणले.

आणि याच पद्धतीला पूर्णेच्या खोऱ्याने धक्का दिला. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा. माती खोल, काळी, चिकण. पुस्तकाप्रमाणे ओल धरून ठेवण्यात पहिल्या नंबरची. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे शेती पावसावर. तरी कपाशी हिशेबाइतकी येत नव्हती. डॉ. डी. के. पाल, त्यांचे ब्युरोतले सहकारी आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधक १९९० च्या दशकात या प्रश्नामागे लागले. त्यांना सापडले ते असे : कोरड्या हवामानात मातीतले कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खालच्या थरात बसते, मग मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा वाटा वाढतो, कण सुटे होऊन छिद्रे बुजतात आणि पाणी खाली जातच नाही. पुस्तके सांगत की हा वाटा १५ टक्क्यांवर गेला तरच जमीन चोपण समजावी. पूर्णाकाठी ५ टक्क्यांच्या पुढेच पाणी मुरणे मंदावलेले दिसले. म्हणजे ओल धरण्याची ताकद भरपूर आणि ओल पोचण्याची वाट बंद. उत्पन्नाचा संबंध चिकणमातीच्या टक्केवारीपेक्षा पाणी झिरपण्याच्या वेगाशी जास्त घट्ट निघाला.

या शोधाचे वैशिष्ट्य असे की तो उपग्रहाला दिसला नसता. वरून पाहिले तर खारपाणपट्ट्यातले रान आणि लिंग्याचे रान सारखेच काळे. उलट बाजूही तितकीच रंजक आहे. काही काळ्या मातीत सोडियम जास्त असूनही पाणी बरे मुरते. दख्खनच्या बेसॉल्टमधले कॅल्शियमयुक्त झिओलाइट तिथे हळूहळू कॅल्शियम पुरवत राहते. आपण ज्याला खडकातले पांढरे स्फटिक म्हणून खिडकीत मांडतो, ते काही शेतांची निचऱ्याची व्यवस्था सांभाळत होते.

खोल काळ्या मातीच्या निचऱ्याचा धडा महाराष्ट्राला त्याआधी एकदा महागात पडलेला आहे. १९४२ च्या मुंबई भूमी सुधारणा योजना कायद्याखाली, आणि पुढे १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर, राज्यभर समपातळी बांध घातले गेले. हलक्या, मध्यम जमिनीत ते उपयोगी पडले. भारी काळ्या रानात मात्र बांधामागे पाणी तुंबले, पीक पिवळे पडले, उन्हाळ्यात बांधाला भेगा गेल्या आणि पुढच्या वळवात तो फुटला. शेतकऱ्यांनी ते बांध रात्रीतून मोडून टाकले, तेव्हा त्यांना अडाणी म्हणणारेही होते. अशा जमिनीत ढाळीचे बांध, सांडवा आणि रुंद वरंबा-सरी हवी, हे नंतर सर्वमान्य झाले. मातीचा नकाशा आधी हाताशी असता तर किती घमेली माती वाचली असती, याचा हिशेब कुणी केलेला नाही.

जमिनीच्या ऱ्हासाच्या आकड्यांवरूनही ब्युरोला बरेच ऐकावे लागले. १९९४ मध्ये त्यांचा अंदाज होता १८ कोटी ७७ लाख हेक्टर. २००५ मध्ये तो १४ कोटी ६८ लाखांवर आला. इतर खात्यांचे आकडे आणखी वेगळे. विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत प्रत्येकाने आपल्या सोयीचा आकडा उचलला. खरे कारण व्याख्येत होते : किती धूप झाली की जमीन खराब म्हणायची, पडीक आणि ऱ्हास एकच का, जंगल धरायचे का. शेवटी कृषी अनुसंधान परिषद, राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी आणि सुदूर संवेदनातले तज्ज्ञ एकत्र बसले, हेक्टरी वर्षाला १० टनांहून जास्त माती वाहून जाणे ही धुपेची सीमा धरली आणि २०१० मध्ये १२ कोटी ७ लाख हेक्टरांचा आकडा सर्वांनी मान्य केला. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा पाण्याने होणाऱ्या धुपेचा. जमीन १६ वर्षांत सुधारली असा याचा अर्थ नाही; मोजणी सुधारली.

याच काळात कागद संगणकावर चढला. जुन्या नकाशांच्या रेषा अंकरूप झाल्या, प्रत्येक खड्ड्याला अक्षांश-रेखांश मिळाले आणि थराथराचे पृथक्करण त्याला जोडले गेले. डॉ. तपस भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये देशाच्या मातीच्या वरच्या ३० सेंटिमीटर थरात ९५५ कोटी टन सेंद्रिय कार्बन असल्याचा अंदाज मांडला. तो आजही आधार म्हणून वापरला जातो. (हेच भट्टाचार्य पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.) त्याहून मोलाचे काम म्हणजे १९८० च्या सुमारास अभ्यासलेल्या जागांवर २००५ मध्ये परत जाऊन केलेली मोजणी. गंगेच्या मैदानात आणि काळ्या मातीच्या पट्ट्यात सेंद्रिय कार्बन बऱ्याच ठिकाणी घटण्याऐवजी वाढलेला आढळला. सतत नांगरट आणि खतांमुळे सगळे संपले, या सरसकट विधानाला ते उत्तर होते. पण त्याच जागांवर चुन्यातला कार्बनही वाढला होता आणि पूर्णेच्या अनुभवानंतर त्याचा अर्थ चांगला नव्हता. पंचवीस वर्षे जुनी वही नीट ठेवलेली असली की काय होते, त्याचा हा नमुना. २००९ पासूनच्या पाच वर्षांत भू-संदर्भित मृदा माहिती प्रणालीचा राष्ट्रीय प्रकल्प ब्युरोच्या नेतृत्वाखाली झाला. त्यात मैदानी आणि काळ्या मातीच्या प्रदेशांच्या सीमा निचऱ्याची माहिती घेऊन पुन्हा आखल्या गेल्या.

एवढे होऊनही एक प्रश्न राहतोच : गावातल्या शेतकऱ्याला याचा उपयोग काय? नकाशाचे गणित इथे आडवे येते. १ : १०,००,००० वर एका चौरस सेंटिमीटरात १०,००० हेक्टर बसतात. १ : २,५०,००० वर ६२५, १ : ५०,००० वर २५. एक हेक्टरवाल्या शेतकऱ्याचे रान यात शाईच्या ठिपक्याहून लहान. राज्यांचे ते देखणे रंगीत नकाशे धोरणाला उपयोगी पडले, बांधावर नाही. आणि ग्रंथ इंग्रजीत असल्याने तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कपाटापर्यंत पोचून तिथेच राहिले, हे मान्य करायला हवे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेने शेतकऱ्याच्या हातात कागद दिला खरा, पण तो नत्र, स्फुरद, पालाश अशा घटकांचा. जिरायतीत दर १० हेक्टरांमागे एक नमुना घेऊन काढलेल्या त्या पत्रिकेत मातीची खोली, निचरा, उतार हे येत नाही. आणि खत बदलता येते, खोली नाही.

गट नंबरापर्यंत पोचण्याचा पहिला मोठा प्रयोग ब्युरोच्या बंगळूर केंद्राने केला. कर्नाटकात जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या सुजला-३ प्रकल्पात बिदर, कलबुर्गी, यादगीर, कोप्पळ, गदग अशा ११ जिल्ह्यांतल्या सूक्ष्म पाणलोटांचे भूसंपदा सर्वेक्षण झाले. नकाशा घेतला तो महसूल खात्याचा, १ : ७,९२० प्रमाणाचा, म्हणजे आठ इंचांना एक मैल हा जुना इंग्रजी हिशेब. त्यावर उपग्रहाचे तीक्ष्ण चित्र बसवले, उतारानुसार आडवे पट्टे आखून खड्डे घेतले आणि सर्व्हे नंबरनिहाय सांगितले की इथे खोली एवढी, दगडगोटे एवढे, धूप अशी. तूर चालेल, आंबा नको. बांध इथे, शेततळे तिथे. बिदर-कलबुर्गीचे रान आपल्या लातूर-सोलापूरच्या बेसॉल्टचेच सलग अंग आहे, त्यामुळे सीमेअलीकडच्या लोकांना हे अहवाल वाचताना परके वाटत नाहीत. याच कामाच्या आधारे पुढे कर्नाटक आणि ओडिशासाठी ‘रिवॉर्ड’ हा पाणलोट विकासाचा कार्यक्रम आखला गेला.

नागपूर मुख्यालयाने देशासाठी १ : १०,००० हे प्रमाण धरले आहे, एका चौरस सेंटिमीटरात एक हेक्टर. कार्टोसॅट उपग्रहाच्या उंचीच्या माहितीवरून भूरूप आणि उतार, लिस-४ संवेदकाच्या किंवा सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा वापर, आणि या तिन्हींच्या छेदातून पाणलोटातले एकजिनसी तुकडे पाडायचे, ही रीत आहे. नकाशे पूर्वीसारखे बासनात राहू नयेत म्हणून ‘भूमी’ हे जिओपोर्टल उभे केले आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने भू-अवकाशीय माहितीवरचे निर्बंध सैल केले. एका टोपोशीटसाठी परवानगीचे अर्ज लिहिणाऱ्या जुन्या सर्वेक्षकांना ही मोकळीक नवलाचीच वाटली असणार.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. साखळीने मोजून काढलेले जुने गाव नकाशे उपग्रहाच्या चित्रावर ठेवले की बांध जुळत नाहीत. कुठे ओढा सरकलेला, कुठे गट फुटून सात हिस्से झालेले आणि नकाशावर अजून एकच. ते जुळवणे भूमी अभिलेख खात्याचे काम, मातीची खोली सांगणे ब्युरोचे आणि बांध घालणे मृद व जलसंधारण खात्याचे. तिन्ही खात्यांचा कागद एका टेबलावर येईल तिथेच सर्वेक्षण शेतात उतरते. कर्नाटकात प्रकल्पाने ते टेबल आधीच मांडून दिले होते.

दरम्यान बंगळूर केंद्रातले शास्त्रज्ञ आणि इतर मंडळी डिजिटल मृदा नकाशांकनाकडे वळली आहेत. जुन्या खड्ड्यांची माहिती, उतार, पाऊस आणि उपग्रहाचे रंग संगणकाला द्यायचे आणि जिथे कुणी खणलेले नाही तिथल्या मातीचा अंदाज पृष्ठभागापासून दोन मीटरपर्यंत सहा थरांत काढायचा, असा जागतिक संकेत आहे. अंदाजाबरोबर त्याची संभाव्य चूकही नकाशावरच दाखवतात. ती चूक सर्वांत मोठी येते जिथे खड्डे विरळ आहेत तिथे, आणि खोलवरच्या थरांत. म्हणून पाहणीचे वेळापत्रक त्या चुकांच्या नकाशावरून लावता येते : आधी कुठे खणायचे, ते आता संगणक सुचवतो.